नगरपालिकेची 'जुनी इमारत' नेमकी किती जुनी? (नाशिक जिल्हा)

गोदाकाठ (धागाकर्ता)

जिल्ह्यातल्या लहान पालिकांच्या इमारतींचा क्रम लावायचे काम हाती घेतले आहे. नाशिक शहरावर बरेच लिहून झाले आहे. इथे रस आहे तो सिन्नर, येवला, त्र्यंबक, इगतपुरी, भगूर अशा गावांत.

अडचण अशी. दर्शनी भागावर 'स्थापना १८६०' असे रंगवलेले असते आणि त्याखाली उभी असते स्लॅबची दुमजली इमारत. विचारले की उत्तर तयार: "इंग्रजांच्या काळातली आहे." मग कळते की दगडी इमारत पलीकडच्या गल्लीत आहे, तिथे आता वाचनालय नाहीतर अग्निशमनचा बंब. त्याच्याही आधी पालिका कुठल्याशा वाड्यात. म्हणजे जागा तीन, कधी चार, आणि साल मात्र एकच, तेही स्थापनेचे.

माझे मत असे की स्थापनेचे साल इमारतीला चिकटवणे ही सरसकट चूक आहे. तीन प्रश्न आहेत:
१) स्थापनेपासून स्वतःची इमारत होईपर्यंत पालिका बसायची कुठे?
२) दगडावर नुसते 'शके १८०६' असेल तर इसवी सन कोणता धरायचा? शेवटचा आकडा झिजला असेल तर?
३) कागद कुठे मिळतात, आणि कागद नसतील तर इमारत बघून काय सांगता येते?

सटाणेकर

वाचनखूण साठवली. चौथा प्रश्नही घ्या: एकाच इमारतीला तीन कोनशिला असतील तर खरी कोणती?

बारा_बलुते

ज्याच्यावर नाव जास्त मोठ्या अक्षरात, ती सर्वात नवी. :)

दप्तरदार

पहिल्या प्रश्नापुरते लिहितो.

येवल्याची पालिका १८५८ ची, सिन्नरची १८६० ची, नाशिकची १८६४ ची. पहिल्या दोन १८५० च्या सव्विसाव्या कायद्याखालच्या. गावकऱ्यांनी अर्ज करायचा आणि सरकारने तो कायदा त्या गावाला लावायचा, अशी पद्धत होती. काम किती? झाडलोट, दिवाबत्ती, थोडे रस्ते, थोडे पाणी, आणि त्यासाठी जकात किंवा घरपट्टी. एवढ्या कामाला एक कारकून, एक पेटी आणि एक घोंगडी पुरत होती. इमारत लागतच नव्हती.

दुसरे, त्या काळी पालिकेचा कारभार महसूल अधिकाऱ्यांच्या हातात होता. १८७३ चा कायदा आला तरी अध्यक्ष कलेक्टर, आणि रोजचे काम त्याचे असिस्टंट नि मामलेदार यांच्याकडे. त्यामुळे 'पहिली इमारत' शोधताना पहिल्यांदा मामलेदार कचेरी बघा. बहुतेक गावी पालिकेचे दप्तर त्याच आवारात असे. तिथे नसेल तर चावडी, शाळा, धर्मशाळा या क्रमाने.

चित्र बदलते ते १८८२ च्या लॉर्ड रिपनच्या (स्थानिक स्वराज्याच्या) ठरावानंतर आणि १८८४ च्या कायद्यानंतर. निवडून आलेले सभासद आले की सभा भरवायला जागा लागते, आणि मामलेदाराच्या कचेरीत मामलेदारावर टीका करणे अवघड जाते. स्वतःच्या इमारतीची मागणी बहुतेक ठिकाणी इथून पुढे दिसते. गोदाकाठ यांच्या मताशी म्हणून सहमत, पण 'सरसकट' या शब्दाशी नाही. काही गावांत पालिकेने एखादी जुनी सरकारी इमारत घेतलेली असते, आणि ती पालिकेपेक्षाही जुनी असू शकते.

गोदाकाठ

म्हणजे चूक दोन्ही बाजूंनी होऊ शकते. हे डोक्यात नव्हते, आभार.

दप्तरदार

अजून एक राहिले, आणि लोक नेमके इथेच अडकतात. नाशिक जिल्हा झाला १८६९ मध्ये. सिन्नर-येवल्याची पालिका जिल्ह्यापेक्षा जुनी आहे! तेव्हा हा भाग अहमदनगरकडे होता आणि मालेगाव खानदेशाकडे. '१८६० सालचे नाशिक जिल्ह्याचे कागद द्या' म्हणालात तर अभिलेखागारातून रिकाम्या हाताने परत याल. नगरच्या खात्यात मागा.

मोडीवाचक

दुसरा प्रश्न माझ्याकडे.

शकात ७८ मिळवले की वर्ष सुरू होतानाचे इसवी सन मिळते. शके १८०६ म्हणजे १८८४ चा गुढीपाडवा ते १८८५ ची फाल्गुन अमावास्या. तिथी दिली असेल तर चैत्र ते कार्तिकाला ७८, माघ-फाल्गुनाला ७९. मार्गशीर्ष आणि पौष दोन्हीकडे पडू शकतात, त्यांना पंचांग बघावेच लागते. 'माघ शुद्ध ५ शके १८०६' ला १८८४ लिहिले की एक वर्ष चुकले.

आकडा झिजला असेल तर संवत्सराचे (साठ वर्षांच्या चक्रातल्या त्या वर्षाचे) नाव शोधा. जुन्या दगडांवर 'तारणनाम संवत्सरे' असे बहुधा असते. हिशेब सोपा आहे: शकात १२ मिळवा, ६० ने भागा, बाकी उरेल तो संवत्सराचा क्रमांक, प्रभवपासून मोजायचा. १८०६ + १२ = १८१८, बाकी १८, अठरावे नाव तारण. दगडावरचा ६ आणि ९ यांत घोळ नेहमीचा, पण १८०९ असते तर बाकी २१, म्हणजे सर्वजित. 'तारण' वाचता आले की आकडा ६ च, मग तो कितीही झिजलेला असो.

कागदात फसली सन (महसुली वर्ष) भेटेल. आपल्याकडच्या फसलीत ५९० मिळवायचे, वर्ष पावसाळ्याच्या तोंडाला सुरू होते. फसली १२९४ म्हणजे १८८४-८५. शक आणि फसली दोन्ही दिलेले असतील तर एकमेकांवर ताडून बघा, लिहिणाऱ्याचीही चूक होते.

येवलावाला

+१. आणि मोडी येत नसेल तर? प्रोसिडिंग बुकं अर्धी मोडीत असतात.

मोडीवाचक

सगळे वाचायला बसू नका. सभेच्या इतिवृत्ताचा साचा ठरलेला असतो: तारीख, हजर सभासद, विषय, ठराव, सूचक-अनुमोदक. मोडीत 'इमारत', 'कचेरी', 'भाडे', 'टेंडर', 'मक्तेदार' हे पाच शब्द ओळखायला शिका आणि पाने चाळा. 'भाडे' हा शब्द सगळ्यात कामाचा. पालिका भाड्याच्या वाड्यात असेल तर दर वर्षी भाड्याचा खर्च मंजूर होतो, आणि ज्या वर्षी तो बंद झाला त्याच सुमारास स्वतःची इमारत वापरात आलेली असते. उद्घाटनाच्या तारखेपेक्षा हा पुरावा पक्का.

चुनागच्ची

तिसऱ्या प्रश्नाचा दुसरा भाग: इमारत बघून.

भिंत. काळा पाषाण आपल्याकडे सगळ्याच काळात वापरला आहे, त्यामुळे दगडावरून साल निघत नाही. दरजा (दगडांमधले सांधे) बघा. चुन्याची दरज पांढुरकी किंवा विटकरी (सुर्खी, म्हणजे विटांची भुकटी, असेल तर), नखाने थोडी खरवडली जाते, मध्ये चुन्याच्या न विरघळलेल्या पांढऱ्या गाठी दिसतात. करडी, कडक, काचेसारखी वाजणारी दरज सिमेंटची. पण सिमेंटची दरज दिसली म्हणून इमारत नवी ठरवू नका. चुन्याच्या भिंतीला वरून सिमेंटने दरजा भरण्याचे प्रकार घाऊक झालेत. आतल्या बाजूला, माळ्यावर किंवा जिन्याखाली, जिथे कुणी रंगवलेले नाही तिथे बघा.

छप्पर. मंगळुरी कौल उलटे करून पाहा. पोटावर कारखान्याचे नाव उठवलेले असते. मंगळूरला बासेल मिशनचा कौलांचा कारखाना १८६५ मध्ये निघाला आणि थळ घाटाचा रेल्वेमार्गही १८६५ मध्येच खुला झाला. त्याआधी इथे मंगळुरी कौल असण्याचा प्रश्नच नाही, नळीची देशी कौलेच. पण कौल बदलण्याजोगी वस्तू आहे. छपरावरून साल काढायचे तर कैची (छपराचा त्रिकोणी सांगाडा) आणि वासे बघा, कौले नव्हेत. देशी कौलांच्या छपराला वासे आणि रिपा (कौलांखालच्या आडव्या पट्ट्या) दाट असतात. नंतर मंगळुरी टाकले असेल तर जुन्या दाट वाशांवर नव्या रिपा सुमारे ३२ सेंमी अंतरावर मारलेल्या दिसतात, आणि जुन्या खिळ्यांची भोके तशीच असतात.

लोखंड. पहिल्या मजल्याच्या जमिनीखाली लोखंडी तुळया आणि मध्ये विटांच्या छोट्या कमानी असतील तर तुळईच्या पोटावर नाव शोधा. 'डॉर्मन लाँग' हे विलायती नाव पुष्कळ सापडते. 'टाटा' असेल तर १९१२ च्या आधीचे नाही, कारण जमशेदपूरला पोलाद तेव्हा निघू लागले.

इगतपुरी_लोकल

तुळईच्या जागी रेल्वेचे रूळ असतील तर? आमच्या बाजूला अर्ध्या जुन्या इमारतींत रूळच आहेत.

चुनागच्ची

रुळाच्या पोटावर कंपनीचे नाव आणि बहुधा सालही असते, आणि तिथेच फसगत होते. ते साल रूळ लाटल्याचे. तो आधी वीस-तीस वर्षे रुळमार्गात झिजतो, मग भंगारात विकला जातो, मग इमारतीत येतो. रुळाच्या सालावरून एवढेच म्हणता येते की इमारत (किंवा तो मजला) त्या सालाच्या बरीच नंतरची. वरची कड घासलेली दिसली तर तो नक्की वापरलेला.

टाकसाळ

चुनागच्ची यांच्याशी एका बाबतीत मतभेद. 'टाटा' म्हणजे १९१२ नंतर, हे तुळईपुरते खरे. दगडी इमारतीवर नंतर मजला चढवला असेल तर खालची इमारत १८९० ची आणि वरची १९३० ची असू शकते. मजल्यांना वेगवेगळी साले देणेच बरे. खालच्या नि वरच्या मजल्याच्या खिडक्यांच्या कमानी जुळतात का, भिंतीची जाडी किती कमी होते आणि जिना मूळ आराखड्यात बसतो का, या तीन गोष्टी तपासा. बाहेरून चिकटवलेला जिना म्हणजे वरचा मजला नंतरचा, हे दहापैकी नऊ वेळा खरे निघते.

चुनागच्ची

मान्य. दहावी वेळ म्हणजे आतला जिना मोडून तिथे गाळा काढलेला असतो.

बारा_बलुते

पालिकेच्या इतिहासातले सर्वात जुने आणि अमर तत्त्व: गाळा.

सटाणेकर

गाळ्यांवर हसू नका. जुन्या इमारती टिकल्या आहेत त्या बऱ्याचदा तळमजल्यावरच्या गाळ्यांमुळेच. वर कार्यालय हलले तरी खालचे भाडेकरू हलत नाहीत, मग पाडापाडी लांबते. शिवाय गाळ्यांचे भाडेकरार म्हणजे तारखांची खाण आहे. करारात चतुःसीमा लिहिलेली असते, 'पूर्वेस म्युनिसिपल कचेरी' वगैरे. त्या करारांवरून कचेरी कोणत्या साली कुठे होती ते नकाशासारखे उमगते.

टाकसाळ

करारावरून आठवले. (अवांतर आहे, पण नाशिकच्या धाग्यावर चालेल.) मुद्रांक कागदावर राजा कोण आहे ते बघा. राणी व्हिक्टोरिया १९०१ च्या सुरुवातीपर्यंत, सातवा एडवर्ड १९१० पर्यंत, पाचवा जॉर्ज १९३६ पर्यंत, नंतर सहावा. तारीख फाटली असली तरी साधारण काळ कळतो. जुना साठा संपेपर्यंत वापरायचे, त्यामुळे दोन-तीन वर्षे पुढे-मागे. नाशिक रोडचा छापखाना १९२५ चा, तोवर हे काम विलायतेत व्हायचे.

तसेच हिशेबाचे. रुपये-आणे-पै असेल तर एप्रिल १९५७ च्या आधीचे किंवा जुन्या सवयीने लिहिलेले. 'नवे पैसे' हा शब्द असेल तर १९५७ ते १९६४ या सात वर्षांतलेच, कारण १९६४ मध्ये 'नवे' गळाले. अंदाजपत्रकात ब्रास आणि चौरस फूट आहेत की घनमीटर, तेही बघा. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर.

मोडीवाचक

पाटीवरून पण कळते. 'म्युनिसिपालिटी' जुने, 'बरो म्युनिसिपालिटी' १९२५ च्या कायद्यानंतरचे, 'नगरपरिषद' हे १९६५ च्या कायद्याने आलेले नाव. आणि 'नासिक' की 'नाशिक' हा वेगळा धागा होईल, तो इथे नको. :)

गोदाकाठ

हे फारच उपयोगी. आता कागद मागायचे कसे, ते कुणीतरी पायरीपायरीने लिहा.

अर्जदार

लिहिते. तीन कचेऱ्या, तीन वेगळे कागद.

भूमी अभिलेख (तालुक्याचे उपअधीक्षक). इमारत गावठाणात असेल आणि नगर भूमापन झाले असेल तर मिळकत पत्रिका. ती ऑनलाइन मिळते, पण तिच्यावर थांबू नका. मूळ भूमापनाच्या वेळची चौकशी नोंदवही मागा, त्यात त्या वेळी जागा कुणाच्या ताब्यात होती आणि कशाच्या आधारे, ते लिहिलेले असते. क्षेत्र जुन्या कागदात चौरस वारात असेल तर ०.८३६ ने गुणा. ४०० चौरस वार म्हणजे सुमारे ३३४ चौरस मीटर. जुने नि नवे क्षेत्र जुळत नसेल तर मध्ये रस्ता रुंदीकरणात ओटा गेलेला असतो.

पालिका. इतिवृत्त (प्रोसिडिंग बुक), मालमत्ता नोंदवही, करआकारणी नोंदवही. माहिती अधिकाराचा अर्ज 'जोडपत्र अ' मध्ये, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, महाराष्ट्रात दीडशे शब्दांची आणि एकाच विषयाची मर्यादा. त्यामुळे 'इमारतीचा संपूर्ण इतिहास द्यावा' असे लिहू नका. कार्यालयाकडे 'इतिहास' नावाचा कागद नसतो, आणि 'माहिती उपलब्ध नाही' हे उत्तर तिसाव्या दिवशी येते. 'सन अमुक ते तमुक या काळातील सभेच्या इतिवृत्त नोंदवह्यांचे अवलोकन करावयाचे आहे' असे लिहा. आधी अवलोकन, मग हवी तेवढीच पाने पानाला दोन रुपयांनी. वीस वर्षांपेक्षा जुन्या बाबींना नकार देण्याची कारणे कलम ८(३) ने फार थोडी ठेवली आहेत, अर्जात त्याचा उल्लेख करून टाका.

मुंबईचे पुराभिलेख (काळा घोडा, एल्फिन्स्टन कॉलेजची इमारत). इंग्रजी काळातला पालिकांचा पत्रव्यवहार 'जनरल डिपार्टमेंट'च्या खंडांत वर्षवार बांधलेला आहे. जमीन दिल्या-घेतल्याचा 'रेव्हेन्यू डिपार्टमेंट'मध्ये. सूचीत गावाचे नाव इंग्रजी जुन्या स्पेलिंगने शोधावे लागते, आणि वर दप्तरदार म्हणाले तसे १८६९ च्या आधी नगरच्या नावाखाली.

दप्तरदार

उत्तम. एक पुरवणी. सरकारी कागदांचे वर्ग असतात: अ कायमचा, ब तीस वर्षे, क दहा, क-१ पाच, ड एक वर्ष. सभेचे ठराव कायम ठेवायचे असतात, म्हणून ते मिळण्याची आशा सर्वात जास्त. टेंडर, बिले, कारागिरांचे हजेरीपट केव्हाच नष्ट झालेले असतात. म्हणून नाश केलेल्या कागदांची यादीही मागा. कागद गेला असला तरी यादीत त्याचे नाव आणि साल राहते.

येवलावाला

आणि 'पुरात गेले' हे उत्तर?

दप्तरदार

गोदाकाठी खरे असू शकते. १९६९ चा आणि २००८ चा पूर सराफ बाजार, भांडी बाजारापर्यंत आला होता. पण नदीपासून दूर आणि उंचावर असलेल्या कार्यालयानेही 'पुरात गेले' म्हटले तर पूर कुठला ते विचारावे. खरे शत्रू वाळवी आणि गळके छप्पर. दप्तर नेहमी सर्वात वाईट खोलीत ठेवतात.

नगरभवन

थोडे वेगळे मत. तुम्ही सगळे 'पालिकेची इमारत' आणि 'टाऊन हॉल' एकच धरताय का? आपल्याकडे ही दोन वेगळी घराणी आहेत. टाऊन हॉल म्हणजे सभा-व्याख्यानांचा हॉल, बहुधा देणगीतून, बरोबर वाचनालय. पालिकेचे कार्यालय म्हणजे करवसुलीची कचेरी, तिजोरीसह. काही गावांत पालिका नंतर टाऊन हॉलमध्ये शिरली, काही गावांत उलट. कोनशिलेवर देणगीदाराचे नाव असेल तर ती इमारत मुळात कचेरी नसावी. कचेरीला कुणी देणगी देत नाही.

बारा_बलुते

कचेरीत देणगी द्यावी लागते, कचेरीला नाही.

सटाणेकर

बलुतेराव 😂

नगरभवन

मुद्दा गंभीर आहे हो. खोल्यांवरून फरक कळतो. कचेरीत तिजोरीची खोली असते: एकच दार, खिडकी नाही किंवा जाड गजांची छोटी, भिंत बाकीच्यांपेक्षा जाड, जमिनीत दगडी बैठक. आणि वसुलीची खिडकी रस्त्याच्या बाजूला, बाहेर ओटा किंवा पडवी, रांगेला सावली म्हणून. टाऊन हॉलला एकच उंच दालन, वर झरोके, एका टोकाला व्यासपीठ. तिजोरीची खोली नाही म्हणजे पालिका तिथे पाहुणी म्हणून आली.

टाकसाळ

हा मुद्दा जोरदार. तिजोरीची खोली जकातीच्या रोख भरण्यामुळेच लागायची. रोज नाक्यानाक्यावरून चिल्लर यायची. नगरपालिकांची जकात १९९९ मध्ये गेली, आणि त्यानंतरच्या इमारतींत तिजोरी म्हणजे गोदरेजचे कपाट.

येवलावाला

अवांतर: नाशिक शहराचा क्रम कुणी सांगेल का? नव्यांना राजीव गांधी भवनच माहीत.

दप्तरदार

थोडक्यात: मेनरोडवरची जुनी नगरपालिकेची इमारत, मग पंडित कॉलनी (जुने लोक अजून 'जुनी महापालिका' म्हणतात), मग शरणपूर रोडचे राजीव गांधी भवन. पण शहराचा इतिहास एका ओळीत बसत नाही, कारण ७ नोव्हेंबर १९८२ ला महापालिका झाली ती नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर अशा तीन नगरपालिका एकत्र करून. म्हणजे 'आधीची इमारत' तीन ठिकाणी शोधावी लागते. देवळाली कॅम्प यात नाही. ते छावणी मंडळ (कॅन्टोन्मेंट बोर्ड), त्याचे दप्तर संरक्षण खात्याकडे. भगूर त्याला लागून असले तरी नगरपालिका वेगळी. अर्ज चुकीच्या ठिकाणी जातो तो इथेच.

इगतपुरी_लोकल

इगतपुरीला तसाच घोळ रेल्वेच्या जागेचा. गावातली निम्मी जुनी दगडी बांधणी रेल्वेची. तिथे मिळकत पत्रिका बघितल्याशिवाय 'ही जुनी पालिका' म्हणायचे धाडस करू नये.

गोदाकाठ

आता एक व्यावहारिक शंका. एका दगडी इमारतीची डागडुजी होणार आहे असे ऐकतो. 'सिमेंटने चांगली मजबूत करणार' असे म्हणतात. त्यात पुरावाही जाईल ना?

चुनागच्ची

पुरावा जाईल आणि भिंतही. कारण सांगतो. दगड-चुन्याची भिंत पावसात पाणी पिते आणि दरजांमधून ते बाहेर सोडते. दरजांवर सिमेंट थापले की बाहेरची वाट बंद. पाणी दगडात आणि आतल्या गिलाव्यात अडकते, क्षार फुलतात, दोन-तीन पावसाळ्यांत आतला रंग पोपडे धरतो. मग लोक म्हणतात, 'जुनी इमारत, ओल येणारच', आणि आतूनही सिमेंटचा गिलावा करतात. ओल आणखी वर चढते.

बरोबर पद्धत: सिमेंटची दरज छिन्नीने हलक्या हाताने सुमारे दोन सेंमी खोल खरवडायची, यंत्राचे पाते वापरायचे नाही, दगडाच्या कडा जातात. धूळ झटकून भिंत ओली करायची. निदान पंधरा दिवस भिजवलेला चुना एक भाग, स्वच्छ वाळू अडीच ते तीन भाग, चुना मळायच्या दगडी घाण्यात किंवा मिक्सरमध्ये लोण्यासारखे मळून दरजा दाबून भरायच्या. उन्हाने पटकन वाळू द्यायचे नाही, पोते लावून आठ-दहा दिवस पाणी शिंपडायचे. काम मार्च-एप्रिलच्या कडक उन्हात काढू नये, दिवाळीनंतर घ्यावे.

आणि छपराची पन्हळ आधी. दोन उतार मिळतात ती खोबण गळते, खाली वाशाचे टोक भिंतीत कुजते, आणि भिंतीला चीर पडली की दोष पायाला देतात. फुटकी कौले बदलायला चौरस मीटरला साधारण पंधरा धरा, आणि दहा टक्के जादा माळ्यावर ठेवा.

काम सुरू होण्याआधी सगळ्या कोनशिला, तुळयांवरची नावे, कौलांचे पोट यांचे फोटो काढून घ्या. दगडावर तिरका प्रकाश पाडून (सकाळी लवकर, किंवा बाजूने बॅटरी धरून) फोटो काढला की झिजलेली अक्षरे उठतात. समोरून फ्लॅश मारला तर सगळे सपाट दिसते.

मोडीवाचक

आणि अक्षरांत खडू, पीठ, रंग काही भरू नका. 'वाचता यावे म्हणून' ऑइलपेंटने अक्षरे रंगवतात आणि रंगवणारा ६ चा ९ करतो. तो ९ मग कायमचा.

सटाणेकर

माझा चौथा प्रश्न अनुत्तरित आहे: तीन कोनशिला.

अर्जदार

तिन्ही खऱ्या. एक भूमिपूजनाची, एक उद्घाटनाची, एक नूतनीकरणाची. फक्त कोणती कशाची ते दगडावरचे क्रियापद सांगते: 'पाया घातला', 'बसविला', 'उद्घाटन झाले', 'विस्तारित'. भूमिपूजन आणि उद्घाटन यांत किती वर्षे जातील याचा नेम नसतो. आणि कोनशिला मूळ जागी आहे का ते बघा. दगडी इमारतीची कोनशिला काढून नव्या इमारतीच्या पोर्चमध्ये लावायची पद्धत आहे. भिंतीत मुरलेली असेल, तिच्या चहूबाजूचा चुना सलग असेल तर मूळ. चार कोपऱ्यांना पितळी स्क्रू असतील तर पाहुणी.

गोदाकाठ

तर मी प्रत्येक गावासाठी असा तक्ता करतोय: जागा, ताबा (भाडे/सरकारी/स्वतःची), पहिला ठराव, काम सुरू, वापर सुरू, मजले वाढवले, कार्यालय हलले, आजचा वापर. प्रत्येक रकान्यात साल आणि शेजारी पुरावा कशाचा. पुरावा नसेल तर रकाना कोरा. १८८३ च्या गॅझेटियरच्या नाशिक खंडापासून सुरुवात केली आहे. तिथे प्रत्येक गावाच्या पालिकेचे साल आणि उत्पन्न आहे, पण कचेरी कुठे भरते याचा पत्ता क्वचितच.

दप्तरदार

तक्ता ठीक. 'वापर सुरू' या रकान्याला दोन करा: कार्यालयाचा वापर आणि सभेचा वापर. कारकून आधी जातात, सभा वर्षभर जुन्याच जागी भरत राहते, हे इतिवृत्ताच्या पहिल्या ओळीवरून कळेल. तिथे सभेचे ठिकाण लिहायची पद्धत होती.

आणि वृत्तपत्रे राहिली. १९३८ नंतरच्या इमारतींसाठी 'गावकरी'चे जुने अंक चाळा. त्याआधीच्यासाठी सरकारी गॅझेट. स्थानिक जुने अंक नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात (स्थापना १८४०, इमारतीचे साल वेगळे बरं का!) विचारून बघा.

नगरभवन

कंसातले वाक्य आवडले.

येवलावाला

तक्त्यात एक रकाना वाढवा: भोंगा/घड्याळ. गावाचा भोंगा पालिकेच्या गच्चीवर असायचा, कार्यालय हलले तरी तो जुन्याच इमारतीवर वाजत राहायचा. भोंग्याची वायर कुठे जाते ते बघितले की जुनी पालिका सापडते.

इगतपुरी_लोकल

आमच्याकडे भोंगा आहे, वायर नाही.

गोदाकाठ

रकाना वाढवला. पहिला तक्ता सिन्नरचा टाकतो. दोन रकाने भरलेत, सात कोरे.